दोनशे बारा सह्या

माझ्या लॅपटॉपमध्ये 'अर्ज_फायनल_२' नावाची एक फाइल आहे. डिसेंबर २०२१ मधली. आमच्या भागाच्या नगरसेविकेला आणि क्षेत्रीय कार्यालयाला उद्देशून लिहिलेला दीड पानी अर्ज. 'सदर प्रकल्पामुळे परिसरात दुर्गंधी, डास व उंदीर यांचा प्रादुर्भाव होऊन ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांच्या आरोग्यास धोका निर्माण होणार असून' असं एक लांबलचक वाक्य त्यात आहे. ते मी लिहिलंय. सोसायटीचे चेअरमन काका म्हणाले होते, "तू इंजिनिअर आहेस, मुद्देसूद लिहून दे." मी दिलं. तिन्ही सोसायट्यांच्या मिळून दोनशे बारा सह्या झाल्या.

प्रकरण साधं होतं. पुण्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे महापालिकेची एक मोकळी जागा आहे. प्रभागातला ओला कचरा जिरवायला तिथे पाच टनी बायोगॅस प्रकल्प व्हावा, म्हणून नगरसेविका ताईंनी पाठपुरावा केला होता. आमचं म्हणणं, प्रकल्प चांगलाच आहे, फक्त इथे नको.

ताई क्लबहाउसमध्ये मीटिंगला आल्या. तासभर त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "कचरा तर तुमचाच आहे. तो कुठेतरी जाणारच ना?" मागून कोणीतरी म्हणालं, "कुठेही जाऊ दे मॅडम, इथे नको." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. महापालिकेची निवडणूक दोन-तीन महिन्यांवर आली आहे, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. ताईंनी डायरी मिटली. "ठीक आहे. लोकांना नको असेल तर नको." त्या रात्री ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. लोकशाही म्हणतात ती हीच, असं मला मनापासून वाटलं होतं.

आता वाटत नाही. का वाटत नाही ते नीट मांडून बघायचंय. त्यासाठी आधी आकडे, कारण माझी सवय ती.

पाच टन ओला कचरा रोज म्हणजे वर्षाला साधारण दीड हजार टन, बंद-दुरुस्तीचे दिवस वजा करून. भाजीची देठं, उरलेला भात, सडकी फळं हे सगळं एकावर एक ढिगात दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही आणि कुजताना मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांचा केला तर ऐंशीच्या आसपास. ढोबळ मानाने एक टन ओला कचरा असा कुजला तर अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान होतं. म्हणजे तो सगळा कचरा ढिगात जाणार होता असं धरलं, तर आमच्या भिंतीपलीकडचा तो प्रकल्प वर्षाला साडेसातशे ते दीड हजार टन वाचवू शकला असता. गच्चीवरचं एक किलोवॅटचं सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिट देतं आणि कोळशावर चालणारी आपली वीज बघता त्यातून साधारण एक टन वाचतो. तीनशेहून जास्त घरांवर तीन-तीन किलोवॅट बसवल्यावर जेवढं वाचेल, तेवढं आम्ही दोनशे बारा सह्यांनी घालवलं.

गंमत म्हणजे आमच्या ग्रुपवर सौर पॅनेलच्या लिंका रोज फिरतात. ७८ हजारांची केंद्राची सबसिडी सगळ्यांना तोंडपाठ आहे. पॅनेलला वास येत नाही.

दोन वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये, मी एका सहकाऱ्याच्या घरी बारशाला गेलो होतो. फुरसुंगीला. संध्याकाळी वारं फिरलं आणि त्याच्या आईने बोलता बोलता उठून खिडक्या लावल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो हसला. "आता खूप कमी झालंय रे. आमच्या लहानपणी यायला हवं होतंस." उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याचा कचरा डेपो अनेक दशकं सोसला आहे. खराब झालेलं विहिरींचं पाणी, ढिगांना लागणाऱ्या आगी, कचऱ्याच्या गाड्या अडवणारी आंदोलनं. आम्ही हे पेपरात वाचायचो तेव्हा आमची काळजी एवढीच असायची, की उद्या घंटागाडी येईल का.

त्या खिडकीपाशी मला माझं वाक्य आठवलं. ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांच्या आरोग्यास धोका. ज्येष्ठ नागरिक समोर उभ्या होत्या, लहान मूल पाळण्यात होतं. फक्त ते माझ्या अर्जातले नव्हते.

तर प्रश्न असा आहे. ताईंनी काय करायला हवं होतं? त्यांना निवडून देणाऱ्यांनी स्पष्ट शब्दांत, सह्यानिशी, 'नको' सांगितलं होतं. तरीही त्यांनी प्रकल्प रेटला असता तर तो लोकांचा विश्वासघात झाला असता, की त्यालाच नेतृत्व म्हणायचं?

हा वाद जुना आहे. १७७४ साली एडमंड बर्क इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमधून निवडून आला आणि त्याने तिथल्याच मतदारांना ऐकवलं, की प्रतिनिधी हा तुमचा निरोप्या नसतो. तुम्ही त्याला त्याची बुद्धी वापरायला पाठवता. ती तुमच्या मतापुढे गहाण टाकली तर तो तुमचं नुकसानच करतो. १७८० मध्ये ब्रिस्टलचं वारं विरोधात आहे हे बघून त्याला तिथल्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगता येते. तो तत्त्वाला जागला, किंवा मतदारांनी त्याला जागा दाखवली.

पण बर्क संसदेत बसत होता, ब्रिस्टलपासून दूर. आपला नगरसेवक गल्लीच्या तोंडाशी राहतो. ड्रेनेज तुंबलं की रात्री अकराला त्याला फोन जातो. मयताला, लग्नाला, गणपतीच्या आरतीला तो असावा लागतो. आपण त्याला विवेकबुद्धीसाठी निवडत नाही, कामासाठी निवडतो. त्याला बर्कचं भाषण ऐकवणं म्हणजे प्लंबरला बोलावून पाण्याच्या तत्त्वज्ञानावर बोलायला सांगण्यासारखं आहे. त्यामुळे 'नगरसेवकांनी हवामानबदलावर पुढाकार घ्यावा' असं कोणी म्हटलं की आपल्याला किंचित हसू येतं. मलाही यायचं. हे विषय दिल्लीत किंवा परदेशातल्या परिषदांत ठरतात, प्रभाग समितीत नाही.

पण कागद वेगळं सांगतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या अठरा विषयांत घनकचरा आहे, रस्ते आहेत, नगरनियोजन आणि बांधकामांचं नियमन आहे, उद्याने आहेत, आणि शहरी वनीकरण व पर्यावरणाचं संरक्षण हेही नाव घेऊन लिहिलेलं आहे. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा काढला. त्यात शहराच्या उत्सर्जनात इमारतींमधली वीज आणि इंधन यांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे, वाहतुकीचा वीसेक टक्के आणि उरलेला कचऱ्याचा आहे. औष्णिक वीज केंद्र नगरसेवकाच्या हातात नाही, हे खरं. पण इमारत कशी बांधायची, फुटपाथवर माणूस चालू शकतो की नाही, बसथांबा कुठे, झाड कापायची परवानगी द्यायची का, कचरा कुठे जिरवायचा, हे मुख्य सभा, स्थायी समिती, वृक्ष प्राधिकरण आणि प्रभाग समित्यांत ठरतं. पुण्यात सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यातलं एक केलं तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केली तर दहा टक्के सवलत मिळते, तीही महापालिकेचीच.

आणि हे करून दाखवलेलं आहे. २०११ च्या आसपास कात्रजचा प्रभाग 'झिरो गार्बेज' करायचा प्रयोग झाला. महापालिका, एक स्वयंसेवी संस्था आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका घरोघर फिरल्या. ओला-सुका वेगळा करून घेतला, ओला प्रभागातच जिरवला. केरळात वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने २०१६ पासून कार्बन न्यूट्रल व्हायचं मनावर घेतलं. झाडं न तोडण्याच्या बदल्यात शेतकऱ्याला झाडामागे वर्षाला पन्नास रुपये बिनव्याजी कर्ज अशी योजना काढली. तमिळनाडूतल्या ओडन्थुरै पंचायतीने २००६ मध्ये बँकेचं कर्ज काढून स्वतःची ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली आणि उरलेली वीज मंडळाला विकली. आपल्याकडे पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. यातलं काहीही दिल्लीची वाट बघत थांबलं नव्हतं.

म्हणजे ताकद नाही, ही सबब फार टिकत नाही. मग अडतं कुठे?

माझं आधीचं उत्तर होतं, मतांच्या भीतीपाशी. ताईंनी पुढच्या निवडणुकीकडे बघून माघार घेतली, हे उघड होतं. त्यावर माझ्यासारख्या लोकांना सुचणारा उपायही ठरलेला असतो. हे निर्णय राजकारण्यांकडून काढून तज्ज्ञांना द्या, ज्यांना मतं मागायची नसतात त्यांना द्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार पटतं. योग्य उत्तर माहीत असताना मतदान कशाला?

नशिबाने याचा प्रयोग आमच्या डोळ्यांसमोर झाला. ज्या निवडणुकीच्या धाकाने ताई मागे हटल्या, ती निवडणूक तेव्हा झालीच नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळपास चार वर्षं पुण्याचा कारभार मतांची गरज नसलेल्या अधिकाऱ्यांच्या हातात होता. त्या चार वर्षांत आमच्या भिंतीपलीकडे काय झालं? काही नाही. जागेवर आधी गवत वाढलं, मग कोणीतरी गाड्या लावायला लागलं. धाक नव्हता, पण विचारायलाही कोणी नव्हतं. ज्याला आमच्या रागाची भीती नाही, त्याला आमच्या कचऱ्याची काळजी असेलच असं नाही. ताई निदान क्लबहाउसमध्ये येऊन तासभर बसल्या तरी होत्या.

तेव्हा मला कळलं, की मतांचा धाक हा आजार नाही. धाक आहे म्हणूनच प्रतिनिधी आपल्या दारात येतो. प्रश्न असा, की तो धाक कोणाचा असतो आणि कोणाचा नसतो.

प्रभागाची हद्द ही एक रेघ आहे. रेघेच्या आत राहणाऱ्याचं मत आहे, बाहेरच्याचं नाही. पण धूर, वास, पाणी आणि मिथेन यांना ती रेघ दिसत नाही. फुरसुंगीची गोष्ट याचं इतकं स्पष्ट उदाहरण आहे, की कोणी रचून सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, त्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. ज्यांच्या दारात शहराचा कचरा पडत होता, ते त्याच शहराचे मतदार झाले. २०२४ मध्ये ती दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गावांची तशी मागणीही होती, करांपासून सोयींपर्यंत त्यांची स्वतःची कारणं होती. पण बघा, माणसं तीच, वारं तेच. फक्त पुण्याच्या नगरसेवकाने त्यांना मोजायचं की नाही, हे एका अधिसूचनेने दोनदा बदललं. नैतिकता अशी अधिसूचनेने बदलत असेल का?

हवामानबदल म्हणजे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात. ज्यांना सगळ्यात जास्त सोसायचं आहे त्यातले कित्येक दुसऱ्या देशांत आहेत, आणि कित्येक अजून जन्मलेलेच नाहीत. पाळण्यातल्या त्या बाळाला मत मिळेल तेव्हा २०४१ साल असेल.

इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द उपयोगी पडतो. इंग्रजीतला 'कौन्सिलर' म्हणजे सभेचा सदस्य. आपण म्हणतो नगरसेवक. प्रभागसेवक नाही, मतदारसेवकही नाही. निवडून देतो प्रभाग, सेवा नगराची. दोन्हीत ओढाताण होणार हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे. आपण मात्र पहिला अर्धा शब्द विसरून दुसराच लक्षात ठेवला. सेवक म्हणून आपण त्याच्याकडून बाकडी घेतली, पेव्हर ब्लॉक घेतले, कमानी घेतल्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या नाव छापलेल्या बादल्याही घेतल्या. आमच्या घरातल्या त्या दोन बादल्यांत कपडे भिजवतात. 'स' यादीतला निधी कुठे जातो म्हणून आपण नाक मुरडतो, पण तो आपण मागितलेल्याच गोष्टींत जातो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात. माझ्या ओळखीत एकानेही कधी तो फॉर्म भरलेला नाही. मीही नाही.

यावर दोन आक्षेप मला स्वतःलाच सुचतात.

पहिला म्हणजे एका प्रभागाने काय होणार? वर्षाला हजार टन म्हणजे देशाच्या हिशेबात दशांश चिन्हानंतरची शून्यं. बरोबर आहे. पण हा हिशेब कोणालाच लावला तर कोणीच काही करायला बांधील राहत नाही, कारण प्रत्येकजण कुठल्या तरी मोठ्या आकड्याचा छोटा तुकडाच असतो. शिवाय कचऱ्याच्या बाबतीत मिथेन बाजूला ठेवला तरी दुसरी गोष्ट उरते. माझी घाण मी दुसऱ्याच्या दारात टाकू नये. हे कळायला पृथ्वीचं तापमान मोजावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुंबईच्या त्या आराखड्यानुसार तिथलं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्याही आत आहे. अमेरिकेत ते त्याच्या कित्येक पट. मग बोजा आपण का उचलायचा? आणि आपल्यातही कोणी? वस्तीत राहून बसने कामावर जाणाऱ्या बाईला 'कार्बन कमी करा' म्हणणं हा उद्धटपणा आहे. मला हे मान्य आहे. पण म्हणूनच हे काम प्रभागातल्या माणसाने करावं असं मला वाटतं. कोणत्या गल्लीत घरटी दोन गाड्या आहेत, कोणत्या वस्तीत पत्र्याखाली उन्हाळ्यात राहवत नाही, कोणाकडे मागायचं आणि कोणाला द्यायचं, हे नगरसेवकाला माहीत असतं. पार्किंगला पैसे लावायचे आणि वस्तीच्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा, हे दोन्ही कार्बनच्याच यादीत येतं. पैकी पहिलं अवघड. पुण्यात २०१८ मध्ये पे-अँड-पार्कचं धोरण मुख्य सभेत आलं, विरोध झाला, मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही रुजलं नाही. तेव्हा विरोध करणाऱ्यांत अनेक पक्ष होते आणि त्यांच्यामागे आपण, गाडीवाले, होतो.

राहता राहिला आमचा खरा मुद्दा, वासाचा. तो अगदी खोटा नव्हता. शहरातले असे काही प्रकल्प बंद पडले, काहींना वास आला, हे आम्ही अर्जात पुराव्यासकट लिहिलं होतं. पण ते का बंद पडतात याची मी नंतर चौकशी केली. बायोगॅसच्या टाकीत प्लास्टिक, काचा, डायपर गेले की ती बिघडते. कचरा नीट वेगळा केलेला नसतो, म्हणून प्रकल्प बिघडतो, म्हणून वास येतो. म्हणजे वास येईल असं आम्ही म्हणत होतो आणि तो येऊ नये यासाठी जे करायचं, ते आम्हीच करणार नव्हतो. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायटीने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. आमची सोसायटी त्याहून मोठी आहे. आमच्याकडे गांडूळखताचा खड्डाही आहे. बिल्डरने बांधून दिलेला. वर्षातून एकदा त्यात पालापाचोळा टाकून फोटो काढतात. करात सवलत मिळते.

तर ताईंनी काय करायला हवं होतं? माझं उत्तर आता असं आहे. त्यांनी आमचं ऐकायलाच हवं होतं, पण आमचं ऐकणं म्हणजे आम्ही म्हणू ते करणं नव्हे. त्यांनी आम्हाला परत विचारायला हवं होतं. इथे नको तर कुठे? तिथल्या लोकांना सांगायला तुमच्यातलं कोण येणार? सोबत फुरसुंगीची चार माणसं क्लबहाउसमध्ये आणून बसवायला हवी होती. ज्यांना मत नाही त्यांना खुर्ची देणं, एवढं नेतृत्व तर प्रभागातल्या प्रतिनिधीला जमू शकतं. मग आम्ही 'नको' म्हणालो असतो तरी ते त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं.

पण हे लिहिताना मला माझीच लबाडी दिसते. चार वर्षांनी, शांतपणे, दुसऱ्याने काय धाडस करायला हवं होतं हे मी ठरवतोय. ताईंकडे धाडस किती असणार? आम्ही जेवढं देऊ तेवढंच. दोनशे बारा सह्यांच्या विरोधात उभं राहायला त्यांच्या हातात एकही सही नव्हती. माझी एक असती, तर त्या जिंकल्या नसत्या. पण मीटिंगमध्ये त्या एकट्याही नसत्या.

डिसेंबरअखेर नव्या निवडणुकीचे उमेदवार प्रचाराला आले. चार सदस्यांचा प्रभाग, त्यामुळे चौघे एकदम. मी त्यांना त्या जागेबद्दल विचारलं. त्यातले एक जण हसून म्हणाले, "दादा, तो विषय बंद आहे. तुमच्याच सोसायटीचं पत्र आहे आमच्याकडे. फार मुद्देसूद लिहिलंय."

सध्या मी दुसरा अर्ज लिहितोय. प्रकल्प याच जागेवर व्हावा म्हणून. त्यात अटी आहेत. बंद शेड हवी, आत येणाऱ्या कचऱ्याची तपासणी हवी, दर महिन्याला आकडे फाटकावर लागावेत, पंधरा दिवस सलग वास आला तर काम थांबवायचा अधिकार शेजाऱ्यांच्या समितीला हवा. आणि तिन्ही सोसायट्या कचरा वेगळा करूनच देतील, अशी लेखी हमी. या शेवटच्या अटीपाशी लोक पेन खाली ठेवतात. आजवर एकतीस सह्या झाल्यात. चेअरमन काका म्हणाले, "आधी आपला खड्डा चालू करून दाखव, मग बघू."

रविवारी खड्डा उघडला. आत पालापाचोळा होता आणि कोणीतरी टाकलेली, नगरसेविकेचं नाव छापलेली एक फुटकी बादली.